नापास वर्षाची कमाई

दहावीचा निकाल लागला की शहरातल्या बहुतेक घरांत एक अलिखित नियम लागू होतो. संध्याकाळचे मैदान बंद, पोहण्याचा तलाव बंद, सायकल जिन्याखाली जाते आणि पुढची दोन वर्षे मुलाने किंवा मुलीने केवळ अभ्यास करायचा असे ठरते. शरीराचे काय ते नंतर पाहता येईल, वर्ष मात्र वाया जाता कामा नये, या समजुतीला फारसे कोणी आव्हान देत नाही. पालकांचा हेतू वाईट नसतो. स्पर्धा तीव्र आहे आणि गुणपत्रिकेवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे, हेही खरेच. तरीही याच वयाच्या एका मुलाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात नेमका उलटा निर्णय घेतला होता, त्याची आठवण या निमित्ताने करायला हवी. मॅट्रिक होऊन महाविद्यालयात दाखल होताच त्याने क्रमिक पुस्तके बाजूला ठेवली आणि सबंध वर्ष शरीर कमावण्यात घालवले. त्या वर्षाच्या परीक्षेत तो नापास झाला. त्या मुलाचे नाव बाळ गंगाधर टिळक.

लोकमान्यांच्या बालपणातली शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. एक ऑगस्टला होणाऱ्या भाषणांत ती हमखास येते. डेक्कन कॉलेजातल्या त्या वर्षाची कथा मात्र त्या मानाने मागे पडते. विद्यार्थ्यांसमोर नापास होण्याची गोष्ट सांगावी कशी, असा संकोच कदाचित त्यामागे असेल. पण टिळकांचे पुढचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवले, तर टरफलांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी अधिक महत्त्वाची ठरते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांचा चांगला अधिकार होता. आई पार्वतीबाई अत्यंत धर्मनिष्ठ. मुलगा व्हावा म्हणून त्यांनी कडक व्रते केली आणि त्या उपासतापासांनी त्यांचा देह खंगला, असे चरित्रकार सांगतात. बाळची बुद्धी तल्लख, पण प्रकृती लहानपणापासून किरकोळ. १८६६ मध्ये गंगाधरपंतांची शिक्षण खात्यात पुण्याला बदली झाली आणि कुटुंब रत्नागिरी सोडून पुण्यास आले. त्यानंतर थोड्याच काळात पार्वतीबाई वारल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे चुलते-चुलतीने त्याची देखभाल केली.

गंगाधरपंतांची शिकवण्याची रीत मोठी गमतीची होती. मुलाने एक संस्कृत श्लोक पाठ केला की त्याला एक पै बक्षीस मिळे, असे सांगितले जाते. या पैशांच्या हिशेबात मुलाचे पाठांतर भराभर वाढले. शाळेत गेल्यावर तो शिक्षकांच्या पुढे धावू लागला, गणिते तोंडी सोडवू लागला आणि वर्गात वाद घालू लागला. बुद्धीच्या वाढीसाठी घरात वडील होते आणि बक्षीस होते. शरीराच्या वाढीसाठी मात्र असे काहीच नव्हते. त्या काळच्या पांढरपेशा घरांत व्यायाम ही तालमीतल्या पोरांची गोष्ट मानली जाई. पुण्यात तालमी होत्या, आखाडे होते. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आणि सरकारी नोकरीकडे डोळे लावलेल्या घरांचा त्यांच्याशी संबंध विरळ होत चालला होता.

१८७१ मध्ये, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, वयाच्या पंधराव्या वर्षीच टिळकांचा विवाह झाला. वधू दापोलीजवळच्या लाडघरच्या बाळ घराण्यातली तापीबाई. सासरचे नाव सत्यभामाबाई. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १८७२ मध्ये, गंगाधरपंतांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. आईवडिलांचे छत्र हरपलेला, लग्न झालेला, बुद्धीने तेजस्वी आणि अंगाने पाप्याचे पितर, असा हा सोळा वर्षांचा तरुण डेक्कन कॉलेजात दाखल झाला. वय पाहिले तर तो आजच्या अकरावीतला विद्यार्थी होता.

डेक्कन कॉलेजची देखणी दगडी इमारत तेव्हा नवीनच होती. येरवड्याच्या बाजूला, मुळा-मुठेच्या काठाजवळ, गावापासून दूर असे हे विद्यालय. विद्यार्थी तेथील वसतिगृहात राहत. घर सुटलेले, वडीलधारे माणूस जवळ नाही आणि भोवती समवयस्क मुलांचा गोतावळा. पौगंडावस्थेतल्या मुलाला बिघडवायला किंवा घडवायला याहून अनुकूल परिस्थिती कोणती असणार?

वसतिगृहातल्या मुलांच्या थट्टेला टिळकांची काटकुळी अंगलट हा आयताच विषय मिळाला. नवऱ्यापेक्षा बायकोच अंगापिंडाने सशक्त आहे, असे मित्र चिडवत. ही थट्टा टिळकांच्या मनाला लागली. त्या वयात अशी बोचणी लागली की काही मुले कोषात जातात, काही भांडखोर होतात, तर काही विनोदाने वेळ मारून नेतात. टिळकांनी वेगळा मार्ग धरला. टीका खरी आहे हे त्यांनी मनोमन मान्य केले आणि ती खोटी पाडण्यासाठी एक वर्ष बाजूला काढायचे ठरवले.

मग दिनक्रमच बदलला. सकाळी तालीम, जोर, बैठका, कुस्ती. त्यानंतर नदीवर पोहणे. पोहण्याची त्यांना विशेष गोडी लागली आणि ते पाण्यात दीर्घकाळ राहू लागले. बोट वल्हवण्याचाही छंद जडला. जोडीला भरपूर आणि सकस आहार. खाल्लेले पचवायचे आणि पचवण्यासाठी पुन्हा घाम गाळायचा, असा तो क्रम होता. वर्गातली हजेरी आणि क्रमिक पुस्तके यांना त्यात दुय्यम स्थान मिळाले. बरोबर व्यायाम करणारे सोबती मिळाले आणि चढाओढ सुरू झाली. काही महिन्यांत छाती भरली, दंड भरले, चेहऱ्यावर तेज आले. ज्यांनी थट्टा केली होती, त्यांना आता या मुलाची थट्टा करताना विचार करावा लागे.

नवा मुसलमान दहा वेळा बांग देतो म्हणतात, तसा नव्याने व्यायामाकडे वळलेल्या टिळकांचा उत्साहही इतरांना जरा जाचकच झाला. प्रकृती सुधारावी म्हणून औषधांच्या बाटल्या उशाशी ठेवणाऱ्या नाजूक सहाध्यायांवर त्यांचा रोख असे. अशा मुलांच्या बाटल्या त्यांनी बाहेर फेकून दिल्याचे आणि त्यांना तालमीत येण्याचा सल्ला दिल्याचे किस्से चरित्रांतून आले आहेत. सडेतोड बोलण्यामुळे मित्रमंडळींत त्यांना ब्लंट असे टोपणनाव मिळाले. बाटल्या फेकण्याचा प्रकार आज कोणी अनुकरणीय म्हणणार नाही. ज्याला खरोखर औषधाची गरज आहे, त्याचे औषध तोडणे हा वेडेपणाच. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट मनापासून पटली की ती तो किती झपाट्याने अंगीकारतो, याचा तो नमुना आहे.

वर्षअखेरीस परीक्षा झाली आणि टिळक नापास झाले. आज कोणत्याही घरात अशा निकालाने हलकल्लोळ माजला असता. टिळकांना त्याचे दुःख झाल्याचे दिसत नाही. वर्ष कशासाठी खर्च केले हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचे फळ अंगावर दिसत होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा पुस्तकांकडे वळले. केरूनाना छत्रे यांच्यासारखा थोर गणिती त्यांना गुरू म्हणून लाभला. गणित घेऊन ते बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. मधल्या काळात एम. ए. च्या परीक्षेत त्यांना अपयश आले, हेही सांगितले पाहिजे. व्यायाम केला की प्रत्येक परीक्षेत यश येते, असा काही नियम नाही. पण गमावलेल्या एका वर्षाने त्यांचे आयुष्य रुळावरून घसरले नाही, हे निश्चित.

या वर्षाकडे आज बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. श्लोकामागे पै मिळत होती, तेव्हा पाठांतराची प्रेरणा वडिलांच्या हातात होती. व्यायामाची प्रेरणा टिळकांच्या स्वतःच्या हातात होती. कोणी सक्ती केली नव्हती, गुण मिळणार नव्हते, उलट जाणार होते. उद्दिष्ट त्यांनी स्वतः ठरवले. प्रगती रोजच्या रोज मोजता येत होती: काल जितके जोर काढले त्यापेक्षा आज चार अधिक, काल जितके पोहलो त्यापेक्षा आज जरा दूर. शिवाय सोबतीला मित्र होते. स्वतःचा निर्णय, दिसणारी प्रगती आणि समवयस्कांची संगत या तीन गोष्टी जुळल्या, की या वयातली मुले कंटाळा विसरतात. यांतली एकही नसेल, तर शाळेच्या वेळापत्रकातला पीटीचा तास शिट्टी वाजवून संपतो आणि मुलांच्या अंगी काही लागत नाही.

आणखी एका बाजूकडे डोळेझाक करता येणार नाही. टिळकांचे सहाध्यायी आणि पुढचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर त्याच वर्षी, १८५६ मध्ये जन्मलेले. दोघांनी डेक्कन कॉलेजात देशसेवेची स्वप्ने एकत्र रंगवली. परंतु आगरकरांचे विद्यार्थिजीवन विलक्षण दारिद्र्यात गेले. कमावता कमावता शिकायचे, असा तो झगडा होता. टिळकांच्या वडिलांनी मागे थोडीफार पुंजी ठेवली होती. वर्षभर चांगले खाऊन व्यायाम करण्याची आणि एका नापासीचा भार सोसण्याची ऐपत त्यांच्याजवळ होती. आगरकरांपाशी ती नव्हती. दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्षही पूर्ण होण्याआधी गेले. त्यांचा आजार व्यायामाच्या अभावाने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सुदृढ शरीर घडायला इच्छाशक्तीबरोबर पोटभर अन्न, मोकळी जागा आणि थोडी फुरसत लागते, ही गोष्ट या दोन मित्रांच्या आयुष्यांची तुलना केली की ठसठशीतपणे समोर येते.

त्या पिढीत आगरकर एकटे नव्हते. ज्यांच्याबरोबर टिळकांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर मार्च १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात असतानाच वारले. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. विद्यापीठाचे पदवीधर अकाली का मरतात, हा त्या दशकात सुशिक्षितांच्या चिंतेचा आणि जाहीर चर्चेचा विषय झाला होता. रोगराई, अपुरे वैद्यकीय ज्ञान, बालविवाह, अभ्यासाचा ताण अशी अनेक कारणे पुढे येत. एवढे मात्र खरे, की पुस्तकावर पोसलेल्या त्या पहिल्यावहिल्या पिढ्यांना शरीराची किंमत फार महाग पडली.

टिळकांना स्वतःच्या शरीराची परीक्षा द्यायला फार वेळ वाट पाहावी लागली नाही. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघांनाही शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तेथला निकृष्ट आहार आणि अरुंद कोठडी यांनी दोघांच्याही प्रकृतीवर परिणाम झाला. हा तुरुंगवास म्हणजे नुसती तोंडओळख होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा अनेकांनी शहर सोडले. टिळक राहिले आणि रुग्णालय उभारण्याच्या कामात पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. काथ्याचे काम, कैद्याचे अन्न आणि एकान्तवास यांनी ते खंगले. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटून आले तेव्हा त्यांचे वजन बरेच घटले होते. सिंहगडावरच्या हवेत काही काळ राहून त्यांनी प्रकृती सावरली आणि ते पुन्हा कामाला लागले.

खरी कसोटी १९०८ मध्ये लागली. त्या वर्षी जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. अनेक दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक काळ ते ज्यूरीपुढे उभे राहून बोलले. २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस पूर्ण होत होता. मधुमेह तोवर त्यांना जडलेला होता. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात, लाकडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यासारख्या कोठडीत, भाजून काढणारा उन्हाळा आणि झोंबणारी थंडी सोसत त्यांनी जवळजवळ सहा वर्षे काढली. इन्सुलिनचा शोध अजून लागायचा होता. तो पुढे १९२१ मध्ये लागला. पथ्य आणि नियमित दिनचर्या एवढीच साधने हाताशी होती. अशा अवस्थेत त्यांनी जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास केला आणि नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत गीतारहस्याचे हस्तलिखित पेन्सिलीने लिहून पूर्ण केले.

मंडालेतच, जून १९१२ मध्ये, सत्यभामाबाई वारल्याची वार्ता त्यांना कळली. जिच्या सुदृढतेचे उदाहरण देऊन मित्रांनी एकेकाळी त्यांना डिवचले होते, तिचा शेवटचा निरोपही त्यांना घेता आला नाही. पत्नीच्या प्रकृतीकडे मात्र घराने आणि काळाने तितके लक्ष दिले नव्हते. मुलाने तालमीत जावे आणि मुलीने चुलीपाशी राहावे, हा त्या काळचा रिवाज होता. किशोरवयातल्या मुलींच्या मैदानाचा प्रश्न आजही पूर्ण सुटला आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

जून १९१४ मध्ये टिळक पुण्यास परतले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्नला टेकले होते. त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना, गावोगावच्या सभा, १९१८-१९ मधील इंग्लंडचा दौरा, असा त्यांचा कार्यक्रम चालूच राहिला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. आपण हे सारे सोसू शकलो ते त्या एका वर्षात कमावलेल्या शरीराच्या बळावर, असे ते स्वतः मानत, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे.

तथापि या कथेला चमत्काराचे रूप देणे टिळकांनाही आवडले नसते. तारुण्यात कमावलेले भांडवल त्यांना जन्मभर पुरले खरे, पण त्यात भर घालणे पुढे त्यांना जमले नाही. रात्री उशिरापर्यंत लेखन, जेवणाच्या अनियमित वेळा, सततचे सुपारीचे व्यसन आणि अखंड मानसिक ताण यांनी त्या भांडवलातून सतत उचल होत राहिली. मधुमेहाला अनेक कारणे असतात आणि एकाच सवयीला दोष देणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु एका वर्षाचा व्यायाम म्हणजे जन्माची हमी नव्हे, एवढा बोध यातून नक्की घेता येतो. शरीर घडते ते धडाक्याने; टिकते ते सवयीने.

वैद्यकशास्त्र आज याच गोष्टी मोजून सांगते. हाडांची घनता मुख्यतः किशोरवयातच कमावली जाते. तिशीनंतर त्यात भर पडत नाही, होते ती घटच. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात काय होते? १४६ देशांतील आकडेवारीवर आधारित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार ११ ते १७ वयोगटातील पाचांपैकी चार मुले ही साधी मर्यादाही गाठत नाहीत. मुलींचे प्रमाण त्यातही अधिक वाईट आहे. म्हणजे सोळाव्या वर्षीच्या टिळकांची जी अवस्था होती, ती आज जगातल्या बहुसंख्य किशोरांची आहे. फरक एवढाच, की त्यांना चिडवणारे मित्रही बहुधा त्यांच्याच शेजारी मोबाइल घेऊन बसलेले असतात.

कोणी आपल्या मुलाने अकरावीत नापास व्हावे असे सुचवत नाही. तशी गरजही नाही. दिवसाच्या चोवीस तासांतला एक तास मैदानाला देऊन कोणी नापास झाल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न वेळेचा कमी आणि मान्यतेचा अधिक आहे. तो एक तास आपण अभ्यासातून चोरलेला समजतो की अभ्यासासाठी कमावलेला, यावर सारे अवलंबून आहे. परीक्षा जवळ आली की शाळांत पीटीचा तास गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जातो आणि तो बहुधा परत मिळत नाही. गणितात पारंगत असलेल्या टिळकांनी हा हिशेब नेमका उलटा मांडला होता. सोळाव्या वर्षी त्यांनी एक वर्ष खर्ची टाकले आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे ते त्याच्या व्याजावर लढले.